कच्चे खनिज आणि पक्का खेळ

डिचोली तालुक्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती तांबडी माती. साखळी, पाळी, शिरगाव, मुळगाव, लामगाव या गावांच्या परिसरातील डोंगर फोडून काढलेले लोहखनिज ट्रकांतून मांडवीच्या धक्क्यांवर आले, तेथून बार्जींत भरले गेले, मुरगाव बंदरात मोठ्या बोटींवर चढले आणि समुद्रापार गेले. १९५० नंतरच्या काळात हे खनिज मुख्यतः जपानकडे जात असे. चालू शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन हा देश झाला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, काही काळ चालू होऊन २०१८ साली पुन्हा बंद पडल्या, आणि लिलावानंतर डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ साली काम परत सुरू झाले. हा इतिहास आपणांपैकी अनेकांनी केवळ वाचलेला नाही, तर सोसलेला आहे. त्याची उजळणी करण्याचे कारण एवढेच की, इतकी वर्षे आपण दगड पाठवला आणि पोलाद दुसऱ्यांनी घडवले. दगडाची किंमत बाजार ठरवीत होता, पोलादाची किंमत ते ठरवीत होते.

आता याच तालुक्यातील, किंवा शेजारच्या पेडणे तालुक्यातील, एखाद्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातातला मोबाईल पाहावा. त्यावर तो जे खेळ खेळतो त्यांतील पुष्कळसे जपानचे, चीनचे, कोरियाचे, नाही तर अमेरिकेचे असतात. जे देश आपले खनिज विकत घेत होते, तेच देश आज आपल्या मुलांच्या फावल्या वेळाचे धनी होऊन बसले आहेत. आणि आता या व्यवसायात एक नवे यंत्र आले आहे. त्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो. या यंत्रामुळे खेळ घडवण्याच्या जागतिक चढाओढीत आपल्या मुलांची बाजू वर जाणार की खाली, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभी एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. गोव्यात ‘गेमिंग’ हा शब्द उच्चारला की निम्म्या लोकांना मांडवीतील तरंगते कॅसिनो आठवतात. तो माझा विषय नव्हे. संसदेने २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यानेही ही सीमारेषा स्पष्ट केली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना त्या कायद्याने बंदी केली. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना, आणि करमणुकीच्या व शिक्षणाच्या खेळांना उत्तेजन देण्याचे धोरण मात्र स्वीकारले. मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रकाराविषयी. हा प्रकार एखाद्या नाटकासारखा किंवा चित्रपटासारखा असतो. भेद इतकाच की, येथे प्रेक्षक स्वतःच नायक होऊन रंगभूमीवर उतरतो.

असा खेळ घडवायला काय काय लागते? कथा लिहिणारा लागतो, पात्रांची आणि स्थळांची चित्रे काढणारा लागतो, त्या चित्रांना चालते-बोलते करणारा लागतो. संगीतकार लागतो, आवाज देणारे नट लागतात. या सर्वांना एकत्र बांधणारी आज्ञावली लिहिणारे संगणकतज्ज्ञ लागतात. आणि सरतेशेवटी, तयार झालेला खेळ शेकडो वेळा खेळून त्यातील दोष हुडकणारी माणसे लागतात. आपल्या दशावतारी मंडळींचा संसार आठवा. पेटारा, मुकुट, रंग, मृदंग, सूत्रधार, संकासुर हे सर्व जमल्यावाचून रात्र उभी राहत नाही. तसाच हा संसार आहे. फक्त तो शेकडो, कधी हजारो माणसांचा असतो आणि एक खेळ उभा करायला त्यांना अनेक वर्षे लागतात.

या संसारात भारताचा वाटा आजवर कोणता होता? स्पष्टच सांगायचे तर बव्हंशी मोलकऱ्याचा. परदेशी कंपनीने कथा ठरवावी, नायक ठरवावा, नफा घ्यावा. आणि त्या नायकाच्या चिलखतावरील नक्षी, मागल्या भिंतीवरील विटा, रस्त्यावरील झाडे, दोषांची तपासणी ही कामे भारतातील तरुणांकडून करून घ्यावी, अशी वाटणी होती. यात कमीपणा मुळीच नाही. या कामाने हजारो घरांत चूल पेटली आणि पुष्कळांनी विद्या मिळवली. फ्रान्समधील युबिसॉफ्ट या कंपनीचे पुण्यातील कार्यालय २००८ सालापासून आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती घडवण्याचे मुख्य काम पुणे आणि मुंबई येथील कार्यालयांकडे असल्याचे २०२० साली जाहीर झाले, तेव्हा आपली पायरी एकने वर चढली असे अनेकांना वाटले. २०२२ साली ते काम कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हलवण्यात आले. कोणाचे चुकले, याचा निवाडा करण्याचे आपल्याला कारण नाही. घेण्यासारखा बोध एवढाच की, ज्याची कथा त्याचा निर्णय.

याच पुण्यात दुसरेही उदाहरण घडले. नॉडिंग हेड्स नावाच्या एका लहानशा मंडळीने ‘राजी’ या नावाचा खेळ रचला. डोंबाऱ्याच्या खेळासारखी कसरत करून पोट भरणारी एक मुलगी आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते आणि देव-दानवांच्या संग्रामात सापडते, असे त्याचे कथानक. २०१७ साली लोकवर्गणीतून भांडवल उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० साली हा खेळ जपानी निन्टेन्डोच्या यंत्रावर प्रथम आला आणि मग इतरत्र पसरला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जगप्रसिद्ध पारितोषिकांत, नवोदितांच्या पहिल्या कृतीसाठी असलेल्या विभागात त्याचे नाव निवडले गेले. मॉन्ट्रियलला हलवता येईल असे त्यात काहीच नव्हते, कारण ती कथा मुळात त्यांचीच होती.

आता यंत्राकडे वळू. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि खेळ यांचे नाते फार जवळचे आहे. किंबहुना, हे यंत्र खेळाच्याच मांडीवर वाढले असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेतील एन्व्हिडिया ही कंपनी १९९३ साली निघाली ती संगणकावरील खेळांची चित्रे झपाट्याने रंगवणारे भाग बनवण्यासाठी. पडद्यावरील लक्षावधी ठिपक्यांचा रंग एकाच वेळी ठरवायचा, तर लक्षावधी लहान गणिते एकाच वेळी करावी लागतात. ती करणारा भाग मुलांच्या खेळासाठी बनला. २०१२ साली कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात जेफ्री हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी यांनी खेळासाठी बाजारात मिळणारे असे दोन भाग घेऊन, चित्रे ओळखणारे एक यंत्रजाळे शिकवून तयार केले, आणि त्या शास्त्राची दिशाच बदलली. हिंटन यांना २०२४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलात वाटा मिळालेले डेमिस हसाबिस हे वयाच्या सतराव्या वर्षी ‘थीम पार्क’ नावाच्या खेळाची आज्ञावली लिहीत होते. तेव्हा ‘खेळाने कोणाचे कल्याण झाले?’ असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढी दोन नावे सांगावीत.

हे यंत्र करते काय? त्याला अगणित चित्रे, अगणित मजकूर, अगणित आवाज दाखवलेले असतात. त्यांतून ते कशापाठोपाठ बहुधा काय येते याचा अंदाज बांधायला शिकते. ‘पावसात भिजलेला जुना किल्ला’ एवढे शब्द दिले की ते क्षणात दहा किल्ल्यांची चित्रे पुढे ठेवते. आज्ञावलीचा हेतू सांगितला की ती लिहून देते. माणसाच्या आवाजाचा थोडासा नमुना ऐकवला की त्याच आवाजात हवे ते संवाद बोलते. गुगलच्या डीपमाइंड या संस्थेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘जिनी ३’ नावाचे यंत्र दाखवले. केवळ शब्दांवरून ते एक हिंडता-फिरता येणारे जग पडद्यावर उभे करते. मात्र ते जग काही मिनिटेच टिकते. आज काही मिनिटे टिकते. पुढे किती टिकेल याचे भाकीत मी करणार नाही.

आता ही कामे पुन्हा एकदा मोजून पाहा. चिलखतावरील नक्षी, मागली भिंत, रस्त्यावरील झाडे, दोषांची तपासणी! म्हणजे जी कामे भारतातील तरुणांच्या वाट्याला येत होती, नेमक्या त्याच कामांना हे यंत्र प्रथम हात घालते. माझ्या काळजीचे मूळ येथे आहे. मोठ्या कसबी माणसाला या यंत्राचे भय तितकेसे नाही. तो त्याला हाताशी घेईल. भय आहे ते उमेदवारी करणाऱ्याला. सुताराच्या हाताखालचा मुलगा प्रथम रंधा मारतो, फळ्या घासतो, आणि घासता घासता लाकूड ओळखू लागतो. घासण्याचे काम यंत्राने घेतले, तर तो मुलगा लाकूड ओळखायला शिकणार कोठे? शिडीची वरची पायरी शाबूत आहे, पण खालच्या दोन पायऱ्या निखळल्या आहेत, अशी ही अवस्था आहे.

या अस्वस्थतेला जगभर वाचा फुटली आहे. अमेरिकेत खेळांतील पात्रांना आवाज आणि अभिनय देणाऱ्या कलावंतांनी २०२४ च्या जुलैमध्ये संप पुकारला आणि तो जवळजवळ वर्षभर चालला; आपला आवाज आणि आपली हालचाल आपल्या संमतीवाचून यंत्राला देऊ नये, ही त्यांची मुख्य मागणी होती. संगणकावरील खेळांची मोठी पेठ असलेल्या ‘स्टीम’ने, आपल्या खेळात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर केला असेल तर तो ग्राहकाला सांगावा, असा नियम २०२४ च्या जानेवारीत केला. फ्रान्समधील मोंपेलिए शहरातील सँडफॉल या सुमारे तीस जणांच्या मंडळीने ‘क्लेअर ऑब्स्क्यूर’ हा खेळ २०२५ साली प्रसिद्ध केला, आणि वर्षातील सर्वोत्तम खेळाचे मोठे पारितोषिक त्याला मिळाले. पण लहान निर्मात्यांसाठी असलेल्या दुसऱ्या एका संस्थेने त्याच खेळाला दिलेली आपली पारितोषिके परत घेतली. कारण निर्मितीच्या काळात यंत्राने केलेल्या चित्रांचा काही वापर झाला होता. एकाच खेळाला एकाने मुकुट घातला आणि दुसऱ्याने तो काढून घेतला. यावरून या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही, हे उघड आहे.

श्रोतेहो, यंत्र आणि खेळ यांची ही झटापट आपल्या प्रदेशाला नवीन नाही. पेडणे तालुक्याच्या सीमेला लागून सावंतवाडी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणे हे सावंतवाडीकर भोसल्यांच्याच सत्तेखाली होते. त्या सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी आणि गंजिफा प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण १२० गोल पाने. एकेक पान हाताने रंगवायचे आणि त्यावर लाखेचा लेप द्यायचा. पुढे छापखान्यातून बावन्न पानांचा पाश्चात्त्य जोड स्वस्तात बाहेर पडू लागला आणि गंजिफा घरोघरच्या कोनाड्यांत जाऊन बसली. चिताऱ्याचा हात वाईट होता म्हणून ती हरली नाही. छापखान्याच्या वेगापुढे आणि भावापुढे हरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्या कलेला पुन्हा आधार दिला, म्हणून ती आज जिवंत आहे. परंतु ती आता खेळ म्हणून थोडी आणि शोभेची वस्तू म्हणून अधिक जिवंत आहे. आपल्या मुलांची कल्पनाशक्तीही अशीच काचेच्या कपाटात जावी काय, हा प्रश्न आहे.

दुसरा दाखला मुद्रणाचा. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. नवे यंत्र दारी आले, आणि तेही सगळ्या हिंदुस्थानच्या आधी! फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले; मराठी ख्रिस्ती माणसाला त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण १६१६ साली राशोल येथे ते छापले गेले तेव्हा रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे त्या छापखान्यात नव्हते. मराठीचे गुणगान करणारा तो ग्रंथ मराठीच्या स्वतःच्या अक्षरांत ग्रंथरूपाने छापून यायला १९५६ साल उजाडले. म्हणजे यंत्र आले १५५६ साली, आणि ग्रंथाला स्वतःची अक्षरे लाभली बरोबर चारशे वर्षांनी. यंत्र दारात येणे वेगळे आणि त्या यंत्रात आपली अक्षरे असणे वेगळे. हा भेद गोवेकराइतका कोणाला कळावा?

आजच्या यंत्राची गोष्ट हीच आहे. त्याच्या पोटात इंग्रजी मजकूर अपार आहे. मराठीचा त्या मानाने थोडा, कोंकणीचा त्याहून थोडा, आणि पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या बोलीचा तर नाममात्र. ‘देऊळ’ म्हटले की ते बहुधा दक्षिणेकडचे उंच गोपूर काढील, नाही तर उत्तरेकडचे शिखर. पायऱ्यांपाशी तुळशीवृंदावन, अंगणात दीपस्तंभ आणि वर कौलारू छप्पर असलेले आपले देऊळ त्याला कोणीतरी दाखवावे लागेल. पेडण्याची पुनव आपल्याला ठाऊक आहे. भूतनाथाने एका रात्रीत देऊळ बांधून मागितले, ते पहाटेपर्यंत पुरे झाले नाही, म्हणून देव रुसून रानाकडे निघतो आणि लोक त्याची समजूत घालतात, असे सांगतात. एका रात्रीत देऊळ बांधायचे आणि कोंबडा आरवायच्या आत पुरे करायचे! यापेक्षा खेळाला योग्य असे कथानक मागावे तरी कोठे? पण ते कथानक यंत्र आपण होऊन सुचवणार नाही. ते पेडण्यातच कोणाला तरी सुचले पाहिजे.

चीनने हेच केले. ‘पश्चिमेची यात्रा’ ही त्यांची सोळाव्या शतकातील कादंबरी. तिचा नायक वानरवीर. त्या वानरवीरावर हांगझोऊ येथील गेम सायन्स या मंडळीने ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा खेळ रचला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो प्रसिद्ध झाला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या १ कोटी प्रती खपल्या. शान्सी प्रांतातील प्राचीन देवळांची आणि मूर्तींची बारकाईने मापे घेऊन ती त्या खेळात उतरवली होती. खेळ खेळून झाल्यावर लोक ती खरी देवळे पाहायला जाऊ लागले. आपल्याला मारुतीची ओळख नव्याने करून द्यायला नको. तरी जगातील मुलांच्या हाती पोहोचला तो त्यांचा वानरवीर. त्यांनी आपल्या कथेचे पोलाद केले, आणि आपली कथा अद्याप खाणीतच आहे.

‘चीन मोठा देश, त्याच्याशी आमची बरोबरी कशी?’ असे कोणी म्हणेल. म्हणून लाटव्हियाचे उदाहरण घेऊ. त्या देशाची लोकसंख्या वीस लाखांहूनही कमी. २०११ च्या शिरगणतीत गोव्याची होती १४ लाख ५८ हजार. त्या देशातील गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाने ‘फ्लो’ हा शब्दावाचूनचा चित्रपट ब्लेंडर नावाच्या आज्ञावलीवर तयार केला. ही आज्ञावली कोणालाही फुकट मिळते. २०२५ च्या ऑस्कर समारंभात सर्वोत्तम सजीवचित्रपटाचे पारितोषिक त्याने अमेरिकेतील धनाढ्य चित्रसंस्थांच्या हातून हिरावून नेले. खेळांसाठीही गोडो नावाची अशीच मोफत आज्ञावली उपलब्ध आहे. लहान मुलांसाठी स्क्रॅच आहे, आणि तीही विनामूल्य. हत्यार महाग म्हणून आपण मागे राहिलो, ही सबब आता टिकत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. आपण आपल्या कथा, आपली देवळे, आपली बोली यंत्राला दाखवली, तर तोही कच्चा मालच ठरणार नाही काय? परदेशी कंपनी ते सारे गिळील आणि उद्या आपल्यालाच विकील. हा धोका खरा आहे. पण खनिज आणि कथा यांत एक मूलभूत अंतर आहे. डोंगर एकदा फोडला की तेथे खड्डा राहतो. कथा सांगितली म्हणून सांगणाऱ्याची कथा कमी होत नाही. ती कमी होते ती न सांगितल्याने. रणमाले गाणारा शेवटचा म्हातारा गेला की त्याच्याबरोबर जे जाते ते कोणत्याही यंत्राला परत आणता येणार नाही. तेव्हा लपवून ठेवणे हा उपाय नव्हे. नोंद करावी, सांगणाऱ्याचे नाव आणि संमती त्या नोंदीबरोबर ठेवावी, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कोणी घडवण्याची वाट न पाहता आपण स्वतः त्यातून काहीतरी घडवावे. कच्चा माल पाठवण्याचे पाप हे माल असण्यात नसते, घडवण्याची भट्टी घरी नसण्यात असते.

ती भट्टी कोठे पेटेल? मी शिक्षक आहे. माझी दृष्टी साहजिकच शाळेकडे जाते. गोव्याच्या शाळांत आज्ञावली-लेखन आणि रोबोटिक्स शिकवण्याची सरकारी योजना २०२१ साली आली. संगणक आणि शिक्षक पुष्कळ ठिकाणी पोहोचले. ही मोठीच जमेची बाजू आहे. पण आज्ञावली लिहिणे हे यंत्रही करू लागले आहे, हे ध्यानात घेतले तर केवळ तेवढे शिकवून भागणार नाही. ज्या तासाला मूल संगणकाशी बसते, त्या तासाची गाठ मराठीच्या, कोंकणीच्या, इतिहासाच्या आणि चित्रकलेच्या तासाशी घातली पाहिजे. डिचोलीच्या मुलांनी एका सत्रात एकच लहान खेळ रचावा. खनिजाची बार्ज भरतीओहोटी सांभाळून मुरगावला न्यायची, एवढाच विषय घ्या. बार्ज किती भार घेते, ओहोटीला पाणी किती उतरते, खाण बंद झाली तर बार्जीवरचे कुटुंब काय करते, हे विचारायला मुलांना आपल्या आजोबांकडे, काकांकडे जावे लागेल. चित्रे यंत्राकडून काढून घेतली तरी हरकत नाही. पण ‘ही बार्ज मांडवीतली नाही’ असे यंत्राला ठणकावून सांगता आले पाहिजे. ज्याला चूक दिसते तो कारागीर, ज्याला दिसत नाही तो नुसता गिऱ्हाईक. उमेदवारीच्या निखळलेल्या दोन पायऱ्या बसवण्याचा मला दिसणारा मार्ग हाच आहे. घासण्याचे काम यंत्राकडे गेले, तर पारखण्याचे काम मुलाला लवकर द्यावे.

यासाठी हाताने काम करण्याची सवय मात्र सोडता कामा नये. ज्याने स्वतः कधी दहा झाडे काढली नाहीत, त्याला यंत्राने काढलेल्या झाडातील खोटेपणा कळत नाही. ज्याने स्वतः कधी निबंध लिहिला नाही, त्याला यंत्राच्या गुळगुळीत वाक्यांतील पोकळी जाणवत नाही. म्हणून वर्गात आधी हात आणि मग यंत्र, असा क्रम असावा. यंत्राचा उपयोग केला असेल तर तो मोकळेपणाने सांगावा, ही सवयही तेथेच लागावी. मोठमोठ्या पेठांना जो नियम करावा लागला, तो आपल्या मुलांच्या अंगवळणीच पडलेला असावा.

पालकांना माझी एक विनंती आहे. मूल मोबाईलवर खेळते म्हणून आपण रागावतो, आणि पुष्कळदा ते योग्यच असते. झोप, अभ्यास आणि मैदान यांच्या वाट्याचा वेळ कोणत्याही खेळाने घेऊ नये. परंतु रागावण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसून विचारावे, ‘हा खेळ कोणी केला? कोणत्या देशात झाला? यात तुला काय खटकते? तुझ्या हातात असते तर तू काय बदलले असतेस?’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी मूल तावातावाने देऊ लागेल, त्या दिवशी ते गिऱ्हाइकाच्या रांगेतून बाहेर पडले असे समजावे.

सरकारकडेही मागणे आहे, आणि ते फार मोठे नाही. पेडण्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन २०२२ साली झाले. जग दोन तासांनी जवळ आले. रस्ते, विमाने, कारखान्यांच्या वसाहती यांच्याबरोबरच आपल्या देवळांच्या, चर्चच्या, बोलींच्या, जागरांच्या आणि दशावताराच्या चांगल्या नोंदी सार्वजनिक ग्रंथालयांतून मुलांना मिळाव्यात. छापखान्यात खिळे भरायचे असतात, तसे हे खिळे भरण्याचे काम आहे. ते एका कंपनीने करण्याजोगे नाही. ते समाजानेच करायचे असते.

श्रोतेहो, येत्या काळात खेळ घडवणे स्वस्त होईल. जे स्वस्त होते ते उदंड होते, आणि उदंड झालेल्या वस्तूंत लोक शोधतात ती वेगळी चव. यंत्र ज्याला त्याला सारखेच मिळणार असेल, तर चढाओढ यंत्रांची उरत नाही. यंत्राला काय सांगायचे आहे, याची उरते. सांगण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे. ते सांगण्याची हातोटी आणि हिंमत पुढच्या पिढीला द्यायची, की तिच्या हाती दुसऱ्याने घडवलेला खेळ आणि आपल्या हाती रिकामा डोंगर ठेवायचा, हे ठरवण्याची वेळ आपल्यावर आली आहे. डिचोलीने जगाला पुष्कळ दगड दिले. आता तिच्या मुलांनी जगाला एखादी घडवलेली वस्तू द्यावी, एवढीच माझी इच्छा आहे.